टन की मायक्रोग्रॅम? संसदेतला हवामान बदल आणि ठाण्या-नवी मुंबईची हवा

संसदेचं हिवाळी अधिवेशन आणि ठाणे-नवी मुंबईतला खराब हवेचा मोसम साधारण एकाच वेळी सुरू होतो. नोव्हेंबर संपता संपता वारा मंदावतो, पहाटे जमिनीलगतची थंड हवा वर चढत नाही. घोडबंदर रोडवरची धूळ, महापे-तुर्भ्याच्या कारखान्यांचा धूर, जेएनपीटी बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरचं डिझेल, सगळं खालीच साचून राहतं. त्याच आठवड्यांत दिल्लीत कोणी खासदार पर्यावरण मंत्रालयाला प्रश्न विचारतात, उत्तर पटलावर ठेवलं जातं आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याचं कात्रण फिरतं: स्वच्छ विजेचं २०३०चं उद्दिष्ट भारताने पाच वर्षं आधीच गाठलं. खाली कोणीतरी विचारतं, मग कासारवडवलीत आमच्या मुलांचा खोकला का थांबत नाही?

प्रश्न रास्त आहे, आणि कात्रणही खोटं नाही. देशाच्या स्थापित वीजक्षमतेत जीवाश्म इंधनाशिवायच्या स्रोतांचा वाटा निम्म्यावर पोचल्याचं सरकारने जुलै २०२५ मध्ये जाहीर केलं. मात्र ही कामगिरी हवामान बदलाच्या धोरणाची. खोकल्याचा जाब स्वच्छ हवेच्या धोरणाला विचारायचा असतो. दोन्हींची उद्दिष्टं, कायदे आणि जबाबदार यंत्रणा वेगळ्या आहेत. संसदेत ती इतकी जोडीने येतात, की विचारलं एक आणि मिळालं भलतंच, हे कित्येकदा लक्षातही येत नाही.

गफलत व्हायला कारणंही आहेत. २०१४ पासून पर्यावरण मंत्रालयाच्या नावातच हवामान बदल आला. मंत्री एक, संसदेची स्थायी समितीही एक. १९ नोव्हेंबर २०१९ला लोकसभेत नियम १९३ खाली जी चर्चा सुरू झाली, तिचा विषयच ‘वायुप्रदूषण आणि हवामान बदल’ असा होता. त्या महिन्याच्या सुरुवातीला दिल्लीत सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर झाली होती. मनीष तिवारी यांनी चर्चा सुरू केली, पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांनी उत्तर दिलं. नियम १९३ खालच्या चर्चेअखेर ठराव नसतो, मतदान नसतं. पंजाबात जळणारा पेंढा, वितळणाऱ्या हिमनद्या, सौरऊर्जा आणि वृक्षारोपण एकाच भाषणात आलं, तरी त्यातून कोणी कशाला बांधला जात नाही. ग्लासगोच्या जागतिक हवामान परिषदेनंतर, डिसेंबर २०२१ मध्ये हवामान बदलावर स्वतंत्र चर्चा झाली. तीही याच नियमाखाली.

आता मुळात काय कशाने होतं ते पाहू. पृथ्वी तापवण्यात सर्वांत मोठा वाटा कार्बन डायऑक्साइडचा. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रस्त्यावरच्या हवेत तो असतो तेवढ्याने श्वासाला अपायही होत नाही. मोबाइलवर आपण जो हवा गुणवत्ता निर्देशांक बघतो त्यात आठ प्रदूषकं धरलेली आहेत: पीएम १० आणि पीएम २.५ (हवेतले धूलिकण, दुसरे जास्त सूक्ष्म), नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. कार्बन डायऑक्साइड त्यात नाहीच. दुसरीकडे, आंतरराष्ट्रीय हवामान करारांत हिशेब होतो तो कार्बन डायऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड आणि काही फ्लोरिनयुक्त वायूंचा. धूलिकणांना तिथे जागा नाही. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या तर एकही नाव सामाईक निघत नाही. नायट्रस ऑक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड ऐकायला सारखे वाटतात, पण ते दोन वेगळे वायू आहेत.

यापेक्षाही मोठा फरक मुक्कामाचा आहे. आज सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा काही भाग शेकडो वर्षं वातावरणात राहतो आणि जगभर मिसळतो. वागळे इस्टेटमधला एक टन आणि जर्मनीतला एक टन यांचा परिणाम सारखाच. सूक्ष्म कण काही दिवस टिकतात, फार तर आठवडा-दोन आठवडे, आणि पाऊस त्यांना धुऊन काढतो. जुलैत आपल्याकडे निर्देशांक हिरवा असतो तो म्हणूनच. २०२०च्या टाळेबंदीत हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. गाड्या थांबल्या आणि हवा झपाट्याने निवळली. त्याच वर्षी जगाचं कार्बन उत्सर्जन घटलं, तरी वातावरणातलं कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण वाढतच राहिलं, कारण साठा तसाच होता आणि भर कमी प्रमाणात का होईना, पडतच होती.

म्हणून हवामान धोरणाने २०३०ची आणि निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी ठरवलेल्या २०७०ची भाषा करणं योग्य आहे. स्वच्छ हवेबद्दल बोलताना कोणी २०७० काढलं, तर तिथेच थांबवून विचारायला हवं: या हिवाळ्याचं काय?

उत्तर कोणत्या प्रश्नाचं आहे हे ओळखण्याची सोपी खूण म्हणजे त्यातलं मोजमाप. टन, गिगावॅट, जीडीपीच्या तुलनेत उत्सर्जन असे शब्द आले की ते हवामान धोरण. २००८ साली आलेला राष्ट्रीय कृती आराखडा आणि त्यातली आठ अभियानं, पॅरिस करारातली वचनं, सगळं या बाजूचं. २०२२च्या सुधारित वचनानुसार २००५च्या तुलनेत जीडीपीमागचं उत्सर्जन २०३० पर्यंत ४५ टक्क्यांनी कमी करायचं आहे. २०२० पर्यंत ते ३६ टक्क्यांनी घटल्याचं सरकारने संयुक्त राष्ट्रांना कळवलं आहे. अशा मोजमापात एकूण उत्सर्जन वाढूनही उद्दिष्ट गाठता येतं. भारतासारख्या देशासाठी मला ते न्याय्य वाटतं, कारण आजवर साठलेल्या वायूंत आपला दरडोई वाटा खूपच कमी आहे. फुप्फुसांना मात्र दरडोई काय आणि जीडीपीमागे काय, आत गेलेला कण तेवढाच लागतो.

स्वच्छ हवेचं मोजमाप घनमीटरमागे मायक्रोग्रॅम. देशाच्या २००९च्या मानकांप्रमाणे पीएम २.५ची वार्षिक सरासरी ४०च्या आत हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये स्वतःची शिफारस पाचवर आणली. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात १३० शहरं आहेत. २०१७-१८च्या तुलनेत २०२५-२६ पर्यंत पीएम १० चाळीस टक्क्यांपर्यंत कमी करणं, किंवा मानक गाठणं, हे त्याचं सुधारित उद्दिष्ट. पीएम १० म्हणजे मुख्यतः भरड धूळ. जास्त घातक पीएम २.५, जो इंधन जळण्यातून येतो आणि फुप्फुसात खोलवर जातो, त्याला या उद्दिष्टात स्थान नाही. याचा परिणाम खर्चावर दिसतो. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या अभ्यास संस्थेने २०२४ मध्ये मांडलेल्या हिशेबाप्रमाणे कार्यक्रमातला ६४ टक्के निधी रस्त्यांच्या धुळीवर गेला, उद्योगांच्या वाट्याला एक टक्काही आला नाही. पाणी फवारणाऱ्या गाड्या आणि झाडणारी यंत्रं मला नकोत असं नाही. मेट्रोच्या खांबांखालून रोज जाणाऱ्याला त्यांची किंमत कळते. पण त्यांनी डिझेलचा आणि भट्ट्यांचा कण जात नाही.

कायद्याच्या बाबतीत तर उलटंच चित्र आहे. १९७२ साली स्टॉकहोमला मानवी पर्यावरणावर जागतिक परिषद झाली आणि तिथले निर्णय अमलात आणण्यासाठी, राज्यघटनेच्या कलम २५३चा आधार घेऊन, संसदेने १९८१चा हवा प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण कायदा केला. म्हणजे आपल्या गल्लीतल्या धुराचा कायदा आंतरराष्ट्रीय परिषदेतून आला. हवामान बदलाबाबत आपण जगाला इतकी वचनं दिली, पण त्यासाठी सर्वसमावेशक कायदा आजही नाही. सर्वोच्च न्यायालयाने माळढोक पक्ष्याच्या संरक्षणाच्या २०२४च्या प्रकरणात याची नोंद केली आणि हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १४ (समता) आणि २१ (जीविताचा हक्क) मध्ये शोधला. ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ साली कार्बन व्यापाराची, म्हणजे उत्सर्जन कमी केल्याची प्रमाणपत्रं विकण्या-घेण्याची, तरतूद आली, तेवढीच काय ती वैधानिक पकड. स्वच्छ हवा कार्यक्रमालाही स्वतःचा कायदा नाही. उद्दिष्ट हुकलं तर निधीवर परिणाम होऊ शकतो, कोणी कायद्याने दोषी ठरत नाही. दिल्ली परिसरासाठी संसदेने २०२१ मध्ये वैधानिक आयोग नेमला. मुंबई महानगर प्रदेशात एवढ्या महापालिका खेटून आहेत, ऐरोलीच्या पुलावर हवा काही हद्द बघून थांबत नाही, तरी आपल्याकडे तसा आयोग नाही. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली, ती याच पोकळीमुळे असं मला वाटतं.

दोन्ही धोरणं एकमेकांना मदत करतात, हे वाक्य मंत्र्यांच्या उत्तरांत हमखास असतं. ते काही वेळाच खरं असतं. बीएस-६, म्हणजे वाहनांच्या धुराचे आणि इंधनाचे नवे निकष, घ्या. १ एप्रिल २०२० पासून इंधनातलं गंधकाचं प्रमाण दशलक्षात ५० भागांवरून १० भागांवर आलं, धूर खूपच कमी झाला. पण लिटरभर डिझेल जळलं की २.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, इंजिन कोणतंही असो. हा निर्णय हवेसाठी मोठा होता, हवामानासाठी जवळपास शून्य. एनएमएमटी आणि टीएमटी या महापालिकांच्या परिवहन सेवांच्या विजेवरच्या बसने रस्त्यावरचा धूर लगेच जातो. हवामानाला तिचा पूर्ण फायदा मिळायला वीज कोळशाची नसावी लागते, आणि स्थापित क्षमतेचे आकडे काहीही सांगोत, प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळसाच पुढे आहे.

कधी ती एकमेकांच्या आड येतात. औष्णिक वीजकेंद्रांच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड काढणारी यंत्रणा बसवण्याचं बंधन २०१५ मध्ये आलं, मुदत २०१७ची होती, ती पुढे पुढे ढकलली गेली आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना त्यातून सूट मिळाली. या यंत्रणेला चुनखडी आणि वीज लागते, त्यातून थोडा कार्बन डायऑक्साइड वाढतो, हा मुद्दा सूट देण्याच्या बाजूने मांडला गेला. शास्त्र म्हणून तो चूक नाही. सल्फेटचे कण सूर्यप्रकाश परतवून थोडा थंडावाही देतात, हेही खरं. पण हे कण शेकडो किलोमीटर जातात आणि माणसांच्या छातीत बसतात. दहा लाखांवर वस्तीच्या शहरांपासून दहा किलोमीटरच्या आतल्या केंद्रांवर बंधन राहिलं, बाकीच्यांचं सैल झालं. वाऱ्याला दहा किलोमीटरचं वर्तुळ कोण शिकवणार? हवामानाचं कारण पुढे करून स्वच्छ हवेचा नियम सैल होतो तेव्हा संसदेत दोन विषय वेगळे करून बोलणारा खासदार हवा असतो.

आणि कधी ती खरोखर एकाच ठिकाणी भेटतात. दिव्याचं डम्पिंग ग्राउंड ज्यांनी सोसलं त्यांना हे वेगळं सांगायला नको. उघड्यावर कुजणाऱ्या ओल्या कचऱ्यातून मिथेन निघतो, वीस वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशी पट तापवतो. तोच कचरा पेटला की घरांत धूर शिरतो. ओला कचरा वेगळा करून नीट जिरवणं हे दोन्ही धोरणांचं काम आहे. संसदेतल्या भाषणांत गिगावॅटइतकं वजन कचऱ्याला मिळत नाही, याची खंत वाटते.

हवामान धोरणाचा आणखी एक भाग आहे, ज्याचा धुराशी संबंधच नाही: येणाऱ्या संकटाला तोंड देण्याची तयारी. नवी मुंबईचा बराच भाग भराव टाकून उभा आहे, म्हणून भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवायला धारण तलाव ठेवले. ते गाळाने भरले आणि समुद्र वर आला, तर बेलापूर-वाशीत पाणी शिरेल. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. तिथली खारफुटी कार्बन साठवते, लाटांचा जोर मोडते. ती वाचवायलाच हवी. पण खारफुटी वाचवल्याचा दाखला तीन हात नाक्याच्या धुरावरचं उत्तर होऊ शकत नाही.

आपल्याला सभागृहात प्रश्न विचारता येत नाही, खासदाराला सुचवता येतो. लोकसभेत दिवसाला २० तारांकित प्रश्न असतात. त्यांना मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर पुरवणी प्रश्न निघतो. अतारांकित २३०, फक्त लेखी उत्तर. प्रश्न ढोबळ असेल तर उत्तर सौरऊर्जेवर आणि वृक्षारोपणावर जातं. आरोग्याचं विचाराल तर, केवळ वायुप्रदूषणामुळे मृत्यू झाल्याचा थेट संबंध दाखवणारी निर्णायक आकडेवारी नाही, असं उत्तर सरकारने एकाहून जास्त वेळा दिलेलं आहे. म्हणून प्रश्न मायक्रोग्रॅममध्ये विचारावा: ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांच्या हद्दीत २०१७-१८ पासून दर वर्षी पीएम १० आणि पीएम २.५ची सरासरी किती, निधी किती आला, त्यातला किती धुळीवर, किती वाहनांवर, किती उद्योगांवर आणि किती कचऱ्यावर खर्च झाला. अशा उत्तरांना शहरवार परिशिष्ट जोडतात. दोन्ही शहरं स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहेत, तेव्हा परिशिष्टात दोन्ही नावांपुढे आकडे हवेतच. ते नसतील, किंवा पीएम २.५चा रकाना रिकामा असेल, तर पुढच्या अधिवेशनातला प्रश्न त्या रकान्यावर विचारायचा.