डीएमआर हँडसेट आणि त्याचा कोडप्लग

डीएमआर म्हणजे डिजिटल मोबाइल रेडिओ. हे युरोपीय दूरसंचार मानक संस्थेचे, म्हणजे एट्सीचे मानक असून ते २००५ साली प्रसिद्ध झाले. कारखाने, बंदरे, सुरक्षा सेवा यांच्या व्यावसायिक वापरासाठी ते तयार केले होते. त्यातला टियर २ हा प्रकार हौशी रेडिओचालकांनी, म्हणजे हॅम मंडळींनी, आपलासा केला. डी-स्टार आणि सिस्टिम फ्यूजन या डिजिटल पद्धती मुळातच हॅमसाठी घडवलेल्या होत्या. डीएमआर मात्र बाहेरून आलेली आहे, आणि हा फरक हँडसेट हाती घेताच कळतो. व्यावसायिक जगात रेडिओत सेटिंग्ज भरून देणारा तंत्रज्ञ वेगळा असतो आणि वापरणारा नुसते बटण दाबतो. हॅमला ही दोन्ही कामे स्वतः करावी लागतात.

१२.५ किलोहर्ट्झच्या एका चॅनेलवर डीएमआर दोन संभाषणे चालवते. वेळेचे ३० मिलिसेकंदांचे तुकडे पाडून ते आळीपाळीने दोघांना दिले जातात. या तुकड्याला टाइम स्लॉट म्हणतात. ६० मिलिसेकंदांचे बोलणे दाबून एका स्लॉटमध्ये बसवायचे आणि पुढच्या स्लॉटमध्ये गप्प राहायचे, असा हँडसेटचा क्रम असतो. बोलताना तो निम्मा वेळच प्रक्षेपण करत असल्याने बॅटरी जास्त टिकते. आवाज दाबण्याचे काम एम्बी+२ हा व्होकोडर करतो. तो माणसाच्या आवाजाच्या नमुन्यावर बेतलेला आहे, म्हणून वारा, रहदारी किंवा पंख्याची घरघर त्यात मिसळली की शब्द विचित्र होतात. अशा वेळी माइकच्या जवळ जाऊन ओरडण्यापेक्षा आडोसा शोधून नेहमीच्या आवाजात बोललेले पलीकडे नीट पोचते.

या रेडिओचे सगळे चालणे कोडप्लगवर अवलंबून असते. वारंवारता, चॅनेल, संपर्क आणि सेटिंग्ज यांची ही एकत्रित फाइल संगणकावरच्या प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअरमध्ये तयार करून केबलने हँडसेटमध्ये भरतात. एफएमच्या वॉकीटॉकीवर वारंवारता टाकली आणि टोन, म्हणजे ओळखीचा ठरावीक सूर, लावला की काम होते. डीएमआरमध्ये एका चॅनेलला रिसीव्ह व ट्रान्समिट वारंवारता, कलर कोड, टाइम स्लॉट आणि टॉकग्रुप एवढे सगळे द्यावे लागते. कलर कोड ० ते १५ यांपैकी असतो आणि तो रिपीटरशी, म्हणजे आपला संकेत घेऊन पुढे दूरवर पाठवणाऱ्या केंद्राशी, जुळला नाही तर रिपीटर दाद देत नाही. टॉकग्रुप म्हणजे क्रमांकाने ओळखला जाणारा बोलणाऱ्यांचा गट. रिपीटरांना इंटरनेटने जोडणाऱ्या ब्रँडमीस्टर जाळ्यावर ९१ हा जगभराचा आणि ४०४ हा भारताचा टॉकग्रुप आहे. एकाच रिपीटरवर सहा टॉकग्रुप वापरायचे असतील तर वारंवारता तीच ठेवून सहा चॅनेल करायचे आणि ते एका झोनमध्ये, म्हणजे चॅनेलच्या एका गटात, ठेवायचे, ही सर्वसाधारण रीत. नवख्याला हे अजब वाटते, कारण एफएमच्या सवयीने तो चॅनेल म्हणजे वारंवारता असे धरून चालतो.

‘दिवा लागतो, पण आवाज येत नाही’ ही नवशिक्यांची नेहमीची तक्रार. बहुतेकदा रिसीव्ह ग्रुप लिस्टमध्ये, म्हणजे ऐकायच्या गटांच्या यादीत, तो टॉकग्रुप घातलेला नसतो किंवा स्लॉट चुकलेला असतो. दुसऱ्याचा तयार कोडप्लग उतरवून घेणे सोपे खरे, पण त्यात बिघाड झाला की तो शोधता येत नाही. दोन-चार चॅनेलचा का होईना, पहिला कोडप्लग स्वतःच रचावा. त्याआधी हँडसेटमधली मूळ फाइल वाचून जपून ठेवावी.

प्रत्येक चालकाला सात अंकी डीएमआर आयडी लागतो. भारतीय हॅमचा आयडी ४०४ ने सुरू होतो. तो रेडिओत भरला की पलीकडच्या पडद्यावर आपली ओळख दिसू शकते, तरी कॉल साइन, म्हणजे हॅमचे अधिकृत ओळखचिन्ह, तोंडाने सांगावीच. आयडी मिळवण्यापूर्वी अर्थातच परवाना हवा. भारतात परीक्षा देऊन केंद्रीय दूरसंचार विभागाकडून तो मिळतो. काही हँडसेटमध्ये एन्क्रिप्शनची, म्हणजे बोलणे इतरांना कळू न देण्याची, सोय असते, कारण ते मुळात व्यावसायिक यंत्र आहे. हॅम बँडवर ती बंदच ठेवायची.

जवळ रिपीटर नसेल तर हॉटस्पॉट वापरतात. रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावर एमएमडीव्हीएम हा छोटा रेडिओ बोर्ड बसवून पाय-स्टार हे सॉफ्टवेअर चालवले, की घरातल्या घरात काही मिलिवॅटवर हँडसेट इंटरनेटमार्गे जाळ्याला जोडला जातो. हॉटस्पॉटची वारंवारता थोडी सरकलेली असेल तर आवाज तुटतो. ती जुळवून बिट-चुकांचे प्रमाण खाली आणावे लागते. पहिली चाचणी ९९९० या पॅरट क्रमांकावर प्रायव्हेट कॉलने, म्हणजे गटाऐवजी थेट एका क्रमांकाला बोलून, करावी. तो आपलेच बोलणे परत ऐकवतो, त्यामुळे कुणाला त्रास न देता चूक सापडते.

बोलण्याची शिस्त थोडक्यात अशी: पीटीटी, म्हणजे बोलण्याचे बटण, दाबल्यावर क्षणभर थांबावे, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. समोरच्याचे संपल्यावर लगेच बटण दाबू नये, मध्ये दोन-तीन सेकंद सोडावेत. मधेच यायचे असलेल्याला तेवढीच फट मिळते. जगभराच्या टॉकग्रुपवर गाठ पडली तर लांब गप्पांसाठी दोघांनी दुसऱ्या क्रमांकावर जावे, कारण तिथल्या एका वाक्याने एकाच वेळी अनेक देशांतले रिपीटर अडतात. एफएमचा संकेत क्षीण होताना खरखर वाढत जाते आणि आपण सावध होतो. डीएमआरचा आवाज जवळजवळ शेवटपर्यंत स्वच्छ राहतो, मग यांत्रिक होऊन एकदम तुटतो. अशा वेळी हँडसेट उभा धरून दोन पावले सरकावे, खिडकीशी जावे; पुष्कळदा तेवढ्याने संभाषण परत जुळते.