माझदा

जपानमधील मोटारी बनवणारी एक कंपनी. मुख्यालय हिरोशिमा प्रांतातील फुचू या गावी असून हे गाव सर्व बाजूंनी हिरोशिमा शहराने वेढलेले आहे. मुख्य कारखाने हिरोशिमातील उजिना व यामागुची प्रांतातील होफू येथे आहेत. वार्षिक विक्री अलीकडे बारा-तेरा लाख वाहनांच्या घरात असते, म्हणजे टोयोटा किंवा होंडा यांच्या मानाने ही लहानच कंपनी. तरीही मोटार अभियांत्रिकीच्या इतिहासात तिला जेवढी जागा मिळते तेवढी विक्रीच्या आकड्यांवरून मिळाली नसती. याचे मुख्य कारण रोटरी (चक्री) इंजिन.

स्थापना : कंपनी ३० जानेवारी १९२० ही आपली स्थापना तारीख मानते. त्या दिवशी हिरोशिमात ‘तोयो कॉर्क कोग्यो’ ही बुचाचे पदार्थ बनवणारी संस्था स्थापन झाली. पहिल्या महायुद्धात युरोपातून येणारे बूच दुर्मिळ झाल्याने स्थानिक झाडांच्या सालीपासून बूच करण्याचा उद्योग तेथे उभा राहिला होता. जुजिरो मात्सुदा (१८७५–१९५२) यांना सर्रास संस्थापक म्हटले जाते. काटेकोरपणे पाहता ते पहिले अध्यक्ष नव्हते, १९२१ मध्ये ते अध्यक्ष झाले. मात्र बुचाच्या धंद्यातून यंत्रांकडे वळण्याचा निर्णय त्यांचाच असल्याने रूढ मत चुकीचे ठरत नाही. कोळ्याच्या घरात जन्मलेले मात्सुदा लहानपणीच ओसाकात लोहाराकडे उमेदवारीला राहिले होते व त्यांच्या नावाचा पंपही निघाला होता. १९२७ मध्ये संस्थेच्या नावातून ‘कॉर्क’ गळून ‘तोयो कोग्यो’ एवढेच उरले.

१९३१ मध्ये आलेली ‘माझदा-गो’ ही तीनचाकी मालगाडी हे पहिले वाहन. पुढे मोटारसायकलसारखे हँडल, मागे उघडा हौदा अशी तिची रचना होती. भारतात ‘टेम्पो’ या नावाने ओळखल्या गेलेल्या तीनचाकीच्याच जातीचे हे वाहन. त्याची विक्री सुरुवातीस मित्सुबिशीच्या व्यापारी शाखेमार्फत होई. ‘माझदा’ हे नाव अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातील अहुर मज्दा या देवतेवरून घेतले असे कंपनी सांगते आणि ते संस्थापकांच्या आडनावाशी जुळते हेही मान्य करते. जपानी लिपीत कंपनीचे नाव आजही ‘मात्सुदा’ असेच लिहिले जाते, त्यामुळे आडनाव आधी व देवता नंतर हा क्रम अधिक संभवनीय वाटतो. विजेच्या दिव्यांसाठी ‘माझदा’ हे व्यापारी नाव अमेरिकेत १९०९ पासूनच चालू होते, हेही लक्षात घ्यावे लागते.

युद्ध व अणुबाँब : दुसऱ्या महायुद्धात कारखान्यात मुख्यतः टाइप ९९ रायफली तयार होत. ६ ऑगस्ट १९४५ रोजी, म्हणजे जुजिरो मात्सुदांच्या सत्तराव्या वाढदिवशी, हिरोशिमावर अणुबाँब पडला. कारखाना स्फोटकेंद्रापासून सुमारे पाच किमी दूर होता आणि मध्ये हिजियामा टेकडी होती. त्यामुळे इमारती बऱ्याच अंशी वाचल्या. शहरातील सरकारी इमारती नष्ट झाल्याने हिरोशिमा प्रांताचे सरकारी कार्यालय काही महिने याच कारखान्याच्या आवारातून चालले. तीनचाकींचे उत्पादन त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा सुरू झाले. ‘आर३६०’ ही ३५६ घसेंमीची (घन सेंटिमीटर) छोटी कूपे (दोन दारांची मोटार) १९६० साली आली. प्रवासी मोटारींतील हे कंपनीचे पहिले पाऊल.

रोटरी इंजिन : आंतरराष्ट्रीय व्यापार व उद्योग मंत्रालयाने १९६१ च्या सुमारास देशातील मोटार कंपन्यांचे मोजके गट करण्याचा विचार पुढे आणला. तीनचाकींवर जगणाऱ्या हिरोशिमाच्या कंपनीला हा धोका होता. जुजिरोंचे पुत्र त्सुनेजी मात्सुदा (अध्यक्षपद १९५१–७०) यांनी पश्चिम जर्मनीतील एनएसयू कंपनीशी वांकेल इंजिनाच्या, म्हणजेच रोटरी इंजिनाच्या, परवान्याचा करार केला. करारासाठी काही ठिकाणी १९६० तर काही ठिकाणी १९६१ हे साल आढळते. बोलणी १९६० च्या शरदात झाली आणि जपान सरकारची मंजुरी पुढच्या वर्षी मिळाली, एवढाच या फरकाचा अर्थ दिसतो. कंपनीच्या प्रचारात हे पाऊल तांत्रिक ध्यासाचे म्हणून रंगवले जाते. दुसऱ्याजवळ नसलेले तंत्र हाती असल्यास विलीनीकरण टळेल हा हिशेब त्यामागे होता, आणि पुढचा सारा इतिहास पाहता हाच हेतू प्रबळ मानणे योग्य ठरते.

इंजिनाच्या जनकत्वाबद्दलही थोडा वाद आहे. फेलिक्स वांकेल यांचे फेब्रुवारी १९५७ मध्ये चाललेले मूळ इंजिन वेगळे होते. त्यात आतला रोटर व बाहेरचे कवच दोन्ही फिरत. कवच स्थिर ठेवून रोटर विकेंद्री (मध्य बाजूला सरकलेल्या) दंडावर फिरवण्याची रचना एनएसयूमधील हान्स डिटर पाश्के यांची, आणि उत्पादनात आली ती हीच. रूढ नाव वांकेल यांचे राहिले.

या इंजिनात वरखाली होणारे दट्ट्ये (पिस्टन) नसतात. दोन वर्तुळे एकमेकांत मिसळल्यासारख्या आकाराच्या पोकळीत फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर फिरतो. रोटरमधील दातेरी कडे व मधले स्थिर दंतचक्र यांच्या दात्यांचे प्रमाण ३:२ असते, त्यामुळे रोटरचा एक फेरा होईपर्यंत दंडाचे तीन फेरे होतात. रोटरच्या तीन बाजूंपैकी प्रत्येक बाजू त्या एका फेऱ्यात शोषण, संपीडन, ज्वलन व उत्सर्जन या चारही क्रिया पुऱ्या करते. परिणामी दंडाच्या दर फेऱ्याला एका रोटरमागे एक शक्तिधाव मिळते. झडपा लागत नाहीत, कंप कमी, आकार लहान. दर फेऱ्याला शक्तिधाव मिळत असल्यामुळेच इंजिनाचे घनफळ कसे मोजावे हा प्रश्न कधीच नीट सुटला नाही. उत्पादक एका रोटरमागे एकाच कक्षाचे घनफळ धरतात (६५४ घसेंमीचे दोन रोटर म्हणजे १,३०८). जपानच्या मोटारकर आकारणीत त्याला दीडने गुणले जाते. चार धावांच्या नेहमीच्या इंजिनाशी कामाच्या दृष्टीने तुलना करायची तर दुप्पट धरणेच सयुक्तिक.

खरी अडचण होती ती रोटरच्या तीन टोकांशी. प्रत्येक टोकाला बसवलेली पातळ पट्टी, म्हणजे टोकाचे सील, कवचाच्या आतील पृष्ठावर सतत घासत जाते आणि शेजारच्या कक्षांतील वायू वेगळे ठेवते. दट्ट्याची रिंग कडेने सरळ वरखाली सरकते. या पट्टीचा पृष्ठाशी असलेला कोन मात्र क्षणोक्षणी बदलतो. चाचणीसाठी चालवलेली इंजिने उघडली तेव्हा क्रोमचा मुलामा दिलेल्या पृष्ठावर आडव्या वळ्या उठलेल्या दिसल्या, बोट फिरवले तर खडबडीत लागणाऱ्या. हिरोशिमातील अभियंते त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. १९६३ मध्ये केनिची यामामोतो (१९२२–२०१७) यांच्या हाताखाली स्वतंत्र संशोधन विभाग निघाला. त्यातील ४७ अभियंत्यांची संख्या जपानी आख्यायिकेतील ४७ रोनिनांशी (धन्याविना उरलेल्या सामुराई योद्ध्यांशी) जुळते, आणि त्या योगायोगाचा कंपनीने प्रचारात भरपूर उपयोग केला. सीलसाठी गाई-घोड्यांच्या हाडांपर्यंत अनेक पदार्थ तपासले गेले असे सांगतात. उलगडा झाला तो पदार्थापेक्षा कंपनांच्या अभ्यासातून. पट्टी नुसती घासली जात नव्हती. स्वतःच्या नैसर्गिक वारंवारतेने थरथरत ती पृष्ठावर आपटत होती. टोकाजवळ आडवीउभी छिद्रे पाडून ही वारंवारता बदलली तेव्हा वळ्या उठणे थांबले. उत्पादनासाठी मात्र आणखी सोपा मार्ग निवडण्यात आला : ॲल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनचे सील. दुसरा त्रास, म्हणजे तेल ज्वलनकक्षात झिरपून निघणारा पांढरा धूर, रोटरच्या बाजूंवरील तेलरोधक कड्यांनी आटोक्यात आला.

माझदाची पहिली रोटरी मोटार ‘कॉस्मो स्पोर्ट’ ३० मे १९६७ रोजी विक्रीस आली. एनएसयूची एका रोटरची ‘स्पायडर’ १९६४ मध्येच निघाली होती, त्यामुळे जगातील पहिली रोटरी मोटार हा मान कॉस्मोचा नाही. दोन रोटरच्या इंजिनाची पहिली मोटार म्हणणे अचूक होय. तिचे नग बाराशेहूनही कमी निघाले. त्याच वर्षीच्या एनएसयू ‘आरओ ८०’मध्ये सील झिजण्याच्या तक्रारींनी जर्मन कंपनीची प्रतिष्ठा बुडवली, आणि रोटरी म्हणजे माझदा हे समीकरण त्यातून पक्के झाले.

तेलसंकट : रोटरीचा ज्वलनकक्ष लांबट व चपटा असतो, कडेचे इंधन पुरते जळत नाही. धुरातील हायड्रोकार्बने बाहेर पडताना जाळून टाकणाऱ्या उष्णता-अभिक्रियकाने अमेरिकेचे नवे प्रदूषण-निकष पार झाले, पण त्यासाठी मिश्रण इंधनाने समृद्ध ठेवावे लागे. त्यात ऑक्टोबर १९७३ मध्ये तेलसंकट आले. अमेरिकी पर्यावरण संस्थेने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांत शहरातील धाव गॅलनला अकरा मैलांच्या आसपास, म्हणजे लिटरला पाच किमीहून कमी होती. विक्री कोसळली. सुमितोमो बँकेने कर्ज, अधिकारी व गिऱ्हाइके पुरवून कंपनी तारली. हजारो कामगार दुकानांत मोटारी विकायला धाडले गेले. १९७७ मध्ये तिसऱ्या पिढीतील कोहेई मात्सुदा अध्यक्षपदावरून दूर झाले. जपानी बँका संकटात कशा वागत याचे हे वारंवार दिले जाणारे उदाहरण आहे. फोर्डने १९७९ मध्ये सुमारे एक चतुर्थांश भाग घेतला. १९८४ मध्ये कंपनीने माझदा हे नाव अधिकृतपणे धारण केले. हिरोशिमाच्या बेसबॉल संघाच्या नावात ‘तोयो’ मात्र अजून आहे.

ल मां : रोटरी पुढे मुख्यतः ‘आरएक्स-७’ (१९७८–२००२) व ‘आरएक्स-८’ (२००३–१२) या क्रीडामोटारींत राहिली. २३ जून १९९१ रोजी चार रोटरच्या ‘७८७बी’ने फ्रान्समधील ल मां येथील २४ तासांची शर्यत ३६२ फेऱ्या करून जिंकली, जपानी उत्पादकाचा हा तेथील पहिला विजय. फोल्कर वाइडलर, जॉनी हर्बर्ट व बर्ट्रांड गाशो हे चालक होते. आघाडीची मर्सिडीझ शेवटच्या काही तासांत बंद पडली. शेवटची पाळी लांबवून चालवलेले हर्बर्ट गाडीतून उतरताच कोसळले व विजयमंचावर जाऊ शकले नाहीत. या विजयामुळे रोटरीवर बंदी आली ही समजूत सर्वत्र आढळते, ती टिकत नाही : ३.५ लिटर दट्ट्या-इंजिनांचा नियम त्याआधीच ठरला होता. उलट त्या वर्षी माझदाला ८३० किलो वजनाची सवलत मिळाली होती आणि बहुतेक बड्या प्रतिस्पर्ध्यांना १,००० किलोची अट होती, हे सहसा सांगितले जात नाही.

नंतरचा काळ : १९८९ ची ‘एमएक्स-५’ ही दोन आसनी उघडी मोटार साध्या दट्ट्या-इंजिनाची. तिचे दहा लाख नग २०१६ मध्ये पुरे झाले आणि चालवायला मजेची गाडी हा लौकिक मुख्यतः तिनेच दिला. १९८९ च्याच सुमारास देशात पाच वेगळ्या विक्रीसाखळ्या उघडण्याची चूक कंपनीने केली. फोर्डचा हिस्सा १९९६ मध्ये ३३.४ टक्के झाला आणि हेन्री वॉलेस हे जपानी मोटार कंपनीचे पहिले परदेशी अध्यक्ष झाले. २००८ पासून फोर्डने अंग काढून घेतले. पुढच्या ‘स्कायॲक्टिव्ह’ इंजिनांत पेट्रोल व डिझेल दोहोंचे संपीडन गुणोत्तर (मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण) १४:१ ठेवले होते. पेट्रोलसाठी ते नेहमीपेक्षा बरेच जास्त, डिझेलसाठी कमी. २०१७ मध्ये टोयोटाने सुमारे पाच टक्के भाग घेतला. २०२३ मध्ये एका रोटरचे ८३० घसेंमीचे इंजिन ‘एमएक्स-३०’मध्ये परत आले, तेही फक्त वीज निर्माण करण्यासाठी.

लौकिक सर्व काळ सारखा नव्हता. जपानमध्ये ‘माझदा-नरक’ असा शब्द प्रचारात होता : मोठी सूट देऊन घेतलेली गाडी दुसरीकडे कोणी धड भावाने घेईना, म्हणून मालकाला पुन्हा माझदाकडेच जावे लागे. पत्रा गंजण्याच्या तक्रारीही बऱ्याच होत्या. अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’च्या २०२० च्या विश्वासार्हतेच्या क्रमवारीत मात्र ती पहिली आली. २०२४ मध्ये प्रमाणन चाचण्यांतील गैरप्रकार उघड झालेल्या जपानी कंपन्यांत टोयोटा, होंडा यांच्यासह तिचेही नाव होते.

भारतात माझदाच्या प्रवासी मोटारी आल्या नाहीत. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात पंजाब ट्रॅक्टर्स व सुमितोमो यांच्यासह ‘स्वराज माझदा’ ही हलक्या व्यापारी वाहनांची भागीदारी झाली. त्यामुळे महाराष्ट्रातही हे नाव दीर्घकाळ शाळेच्या मिनीबसवर व मालाच्या छोट्या ट्रकवरच वाचले गेले. पुढे माझदा भागीदारीतून बाहेर पडली, इसुझूचे सहकार्य आले आणि २०११ मध्ये कंपनीचे नाव ‘एसएमएल इसुझू’ झाले.