पाइक्स पीक महामार्ग
पाइक्स पीक महामार्ग : अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील पाइक्स पीक (उंची ४,३०२ मी.) या पर्वताच्या थेट माथ्यावर मोटारीने नेणारा सुमारे ३१ किमी. लांबीचा रस्ता. कॅस्केड गावाजवळ त्याची सुरुवात होते. व्यवस्था कोलोरॅडो स्प्रिंग्स नगर प्रशासनाकडे असून प्रवेशाला शुल्क पडते.

ज्या झेब्युलन पाइक या अमेरिकी लष्करी शोधप्रवाशाचे नाव या शिखराला मिळाले, तो १८०६ मध्ये चढाई करताना बर्फामुळे अर्ध्यातूनच परतला होता. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोडागाड्यांसाठी वाट झाली. स्पेन्सर पेनरोझ या धनाढ्य उद्योजकाने ती मोटारींजोगी रुंद करवली आणि रस्त्याचा गाजावाजा व्हावा म्हणून १९१६ मध्ये चढाईची शर्यतही भरवली. ती शर्यत आजही होते. वरचा बराचसा भाग दीर्घकाळ खडीचाच होता. ती खडी वाहून ओढ्यांत आणि पाणथळींत साचू लागली, पर्यावरणवादी संघटनेने न्यायालयात धाव घेतली आणि अखेर २०११ पर्यंत संपूर्ण रस्ता डांबरी झाला.

खालच्या टप्प्यात सूचिपर्णी अरण्य आणि जलाशय लागतात. वृक्षरेषा (जिच्यावर झाडे वाढत नाहीत ती उंची) ओलांडली की गुलाबी ग्रॅनाइटच्या शिळा, खुरटे गवत आणि एकामागून एक तीव्र वळणे. अनेक ठिकाणी कडेला कठडा नाही. पूर्वेकडे सपाट मैदान क्षितिजापर्यंत पसरलेले दिसते. उन्हाळ्यात दुपारनंतर विजांची वादळे येतात, त्यामुळे सकाळी लवकर जाणे शहाणपणाचे.

चढण्यापेक्षा उतरणे अवघड. सतत ब्रेक दाबल्याने ते तापून निकामी होऊ शकतात. म्हणून खालच्या गिअरमध्येच उतरावे लागते. वाटेतील ग्लेन कोव्ह या थांब्यावर कर्मचारी परतीच्या गाड्यांच्या ब्रेकचे तापमान तपासतात आणि ते जास्त असल्यास गाडी थांबवून ठेवतात.

माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच असतो. माणसाला धाप लागते, तशी साध्या पेट्रोल इंजिनाचीही ताकद घटते. विजेच्या मोटारीला ज्वलनासाठी हवा लागत नाही, आणि शर्यतीत हा फरक ठळक दिसला : २०१८ मध्ये रोमाँ द्युमा याने फोक्सवॅगनच्या विद्युत मोटारीतून १५६ वळणांचे सुमारे २० किमी. अंतर ७ मिनिटे ५७.१४८ सेकंदांत कापून विक्रम केला. मात्र विरळ हवेत गाडीला रस्त्यावर दाबून धरणारा वाऱ्याचा जोरही कमी पडतो. त्यासाठी तिच्या मागे अवाढव्य पंख बसवावा लागला होता.