‘चिकट’ टकरींची पार्श्वभूमी

मे महिन्यात भुसावळचा पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना वर्गात नॅनोकेल्विनचं (केल्विनचा अब्जावा भाग, म्हणजे निरपेक्ष शून्याला जवळजवळ टेकलेलं तापमान) नाव काढलं की पोरं हसतात. हसू द्या. १९९५ सालचं अणूंचं संघनन (अतिथंड अणू सगळे एकाच अवस्थेत गोळा होतात ते) त्यांना पुस्तकात आहेच, ते इथे उगाळत नाही. इथे प्रश्न वेगळा: इतके गार केलेले रेणू एकमेकांवर आपटले की नाहीसे का होतात?

ध्रुवीय रेणूंची, म्हणजे एक टोक किंचित धन आणि दुसरं किंचित ऋण असलेल्या रेणूंची गोष्ट २००८ पासून धरू. अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत पोटॅशियम आणि रुबिडियमचे अणू ५४६ गॉसच्या आसपासच्या चुंबकीय क्षेत्रात जोडले आणि लेझरनं ते रेणू थेट तळाच्या, म्हणजे सगळ्यात कमी ऊर्जेच्या पातळीवर उतरवले. तापमान सुमारे ३५० नॅनोकेल्विन. तळाला इलेक्ट्रॉन जोडीनं बसतात, मग रेणू चुंबकाला फारशी दाद देत नाही. पुढचा खेळ विद्युतक्षेत्राचा. २०१० मध्ये ते वाढवून पाहिलं, तर टोकाला टोक लावून रेणू एकमेकांना ओढू लागले आणि त्यांची नासाडी, म्हणजे टकरींत नाहीसं होणं, द्विध्रुव आघूर्णाच्या (दोन टोकांतल्या धन-ऋण फरकाच्या मापाच्या) सहाव्या घातानं वाढली. वर्षभरानं तेच रेणू प्रकाशाच्या पातळ चकत्यांत कोंडले. शेजारी-शेजारी आले की ते एकमेकांना ढकलतात, त्यामुळे नासाडी आवरली.

हे रेणू आपसात रासायनिक अदलाबदल करतात म्हणून संपतात, हे तोवर पटलेलं होतं. मग अदलाबदल न करणारे आणले: २०१४ ला रुबिडियम-सीझियम, २०१५ ला सोडियम-पोटॅशियम, २०१६ ला सोडियम-रुबिडियम. तेही जवळपास तसेच गायब!

इथे ‘चिकट टकरी’ हा शब्द कामाला आला. तो २०१३ च्या सुमारास सिद्धांतवाल्यांनी मांडला होता, आणि माझ्या मते त्यानंच घोळ घातला. रेणू डिंकासारखे चिकटत नाहीत, रेंगाळतात. आठवडे बाजारात दोन व्याही भेटले की केळीच्या भावावरून गाडी सोयरिकीवर जाते, पिशवी या हातातून त्या हातात जाते, पण पाय निघत नाही. चार अणूंच्या त्या जोडीला हिंडायला इतक्या अवस्था असतात की सुटायची वाट लवकर सापडत नाही. तेवढ्यात रेणूंना धरून ठेवणाऱ्या लेझर-सापळ्याचाच प्रकाश तिला धक्का देऊन संपवतो, असं पुढे सुचवलं गेलं. २०२० मध्ये रुबिडियम-सीझियमवरचा प्रकाश मधूनमधून बंद केला आणि नासाडी कमी झाली. सगळे खूश. २०२१ मध्ये सोडियम-पोटॅशियमवर तेच केलं, तर फरक दिसेना. प्रकाशावर खापर फोडायची घाई झाली, असं मला तेव्हापासून वाटतं.

वाद तसाच ठेवून लोकांनी रेणूंना जवळच येऊ द्यायचं नाही असं ठरवलं. २०२० मध्ये सेंटीमीटरला १२ हजार व्होल्टांच्या आसपासच्या क्षेत्रानं पोटॅशियम-रुबिडियमच्या टकरी अडवल्या. मग त्याच कामाला मायक्रोवेव्ह लहरी आल्या. त्यांच्या आडोशानं २०२२ मध्ये सोडियम-पोटॅशियम २१ नॅनोकेल्विनपर्यंत निवला, आणि २०२४ मध्ये सोडियम-सीझियमचं संघनन जाहीर झालं, ६ नॅनोकेल्विनला.