हेलन सुझमन यांची संसदीय कामगिरी

दक्षिण आफ्रिकेच्या संसदेत १९५३ ते १९८९ अशी सलग ३६ वर्षे जोहान्सबर्गच्या हाउटन मतदारसंघातून निवडून आलेल्या हेलन सुझमन (७ नोव्हेंबर १९१७–१ जानेवारी २००९) यांनी वर्णभेदी राजवटीविरुद्ध सभागृहात केलेले काम. यांपैकी १३ वर्षे, म्हणजे १९६१ ते १९७४, त्या आपल्या पक्षाच्या एकमेव सदस्य होत्या आणि त्यातली काही वर्षे तर सभागृहातल्या एकमेव स्त्रीही. त्यांची भाषणे गाजली, पण त्यांचे खरे हत्यार होते प्रश्न. एकही विधेयक अडवण्याइतके संख्याबळ नसलेला सदस्य प्रश्नोत्तरांतून काय काय बाहेर काढू शकतो, याचे इतके ठळक उदाहरण क्वचितच सापडेल.

ही संसद केपटाउनला भरे. घाट ब्रिटिशच : सभापती, विधेयकाची तीन वाचने, मतविभागणी, हॅन्सार्ड नावाचे शब्दशः इतिवृत्त. मतदार मात्र गोरे. कृष्णवर्णीयांच्या वतीने सभागृहात बसणाऱ्या मोजक्या गोऱ्या प्रतिनिधींच्या जागा १९६० मध्ये रद्द झाल्या. मिश्रवर्णीयांसाठीच्या चार जागाही त्या दशकाअखेरच्या कायद्याने गेल्या. १९८४ मध्ये मिश्रवर्णीयांसाठी आणि भारतीय वंशाच्या लोकांसाठी वेगवेगळी सभागृहे काढण्यात आली, तरी देशातली बहुसंख्य जनता बाहेरच राहिली. तेव्हा ही लोकशाही म्हणायची तर गोऱ्यांपुरती. सर्वांना मत देता आले ते थेट १९९४ मध्ये. सुझमन यांची सारी कारकीर्द त्याआधीची आहे, आणि त्यांच्यावर पुढे झालेल्या टीकेचे मूळही यातच आहे.

सुझमन यांचा जन्म जोहान्सबर्गजवळच्या जर्मिस्टनचा. आई-वडील लिथुएनियातून आलेले ज्यू. विटवाटर्सरँड विद्यापीठात त्या आर्थिक इतिहास शिकवत. १९५३ मध्ये युनायटेड पार्टीच्या तिकिटावर त्या निवडून आल्या. वर्णभेदाला ठाम विरोध करण्याची या पक्षाची तयारी नव्हती, म्हणून १९५९ मध्ये काही सदस्य फुटून बाहेर पडले आणि त्यांनी यान स्टेटलर यांच्या नेतृत्वाखाली प्रोग्रेसिव्ह पार्टी स्थापली. दोनच वर्षांत निवडणूक लागली आणि स्टेटलर यांच्यासह सगळे पडले. सुझमन तेवढ्या ५६४ मतांनी वाचल्या. हाउटन हा सुखवस्तू, इंग्रजीभाषक, उद्योजक-व्यावसायिकांचा भाग. ज्यांना या राजवटीचा फारसा काच नव्हता अशा मतदारांच्या जोरावर त्या पासधारक मजुरांची (पास म्हणजे कृष्णवर्णीयांना शहरात राहण्या-वावरण्यासाठी सक्तीने बाळगावा लागणारा परवाना) गाऱ्हाणी मांडत राहिल्या.

एकट्या सदस्याला पक्षाची म्हणून वेळ मिळे, पण तयारीही एकट्यानेच करावी लागे. मजूर खाते, तुरुंग, पोलीस, शिक्षण, सक्तीची स्थलांतरे अशा सगळ्याच विषयांवर बोलायचे असे. शिवाय देशातल्या ज्या कोट्यवधींना खासदारच नव्हता, त्यांची पत्रेही यांच्याच टपालात येऊन पडू लागली. कैद्यांच्या बायका, घरातून हुसकावलेली कुटुंबे, बंदीहुकूम लागलेले (म्हणजे सरकारी आदेशाने सभा, लेखन, हिंडणेफिरणे यांवर मनाई झालेले) कार्यकर्ते, सगळ्यांना हाच एक पत्ता ठाऊक. या पत्रांतूनच पुढचे प्रश्न तयार होत.

प्रश्नांचे महत्त्व कळायला त्या काळच्या वृत्तपत्रांची अवस्था ध्यानात घ्यावी लागते. बंदीहुकूम लागलेल्या व्यक्तीचे शब्द छापणे गुन्हा होता. १९५९ च्या तुरुंग कायद्याने तुरुंगातल्या परिस्थितीविषयी चुकीची माहिती छापणे दंडनीय केले होते, आणि छापलेले खरे आहे हे सिद्ध करण्याचा बोजा छापणाऱ्यावर होता. ‘रँड डेली मेल’ने १९६५ मध्ये तुरुंगांवर लेखमाला चालवली, तर संपादक आणि वार्ताहर आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले. संसदेत उच्चारलेल्या शब्दाला मात्र विशेषाधिकाराचे कवच होते. मंत्र्याने सभागृहात दिलेला आकडा हॅन्सार्डमध्ये उतरला की तो वृत्तपत्राला छापता येई. खोटा म्हणून तो झटकण्याचीही सोय नसे, कारण आकडा सरकारचाच. पासच्या कायद्याखाली वर्षाला किती अटका झाल्या (हा आकडा लाखांच्या घरात असे), विनाचौकशी किती जण डांबले आहेत, कोठडीत किती मेले, फटक्यांच्या शिक्षा किती, फाशी किती, कोणत्या वस्तीतून किती कुटुंबे उठवली, असे रुक्ष, हिशेबी प्रश्न त्या वर्षानुवर्षे विचारत राहिल्या. आपल्याकडच्या तारांकित प्रश्नांशी परिचित वाचकाला ही पद्धत ओळखीची वाटेल. फरक इतकाच, की इथे उपप्रश्न विचारायला बाकावर दुसरे कोणी नव्हते.

परदेशात देशाची नाचक्की व्हावी म्हणूनच हे प्रश्न विचारले जातात, असा ठपका एका मंत्र्याने ठेवला. नाचक्की माझ्या प्रश्नांनी होत नाही, तुमच्या उत्तरांनी होते, असे सुझमन यांनी ऐकवले. त्यांचा हा टोला सर्वांत जास्त उद्‌धृत होतो. दुसरा याहून जहाल : मंत्र्यांनी एकदा कृष्णवर्णीयांच्या वस्तीत जाऊन यावे, पण जाताना माणसाचा वेश घेऊन जावे. सभागृहातली शेरेबाजी इकडूनही होती आणि तिकडूनही. इस्रायलला चालते व्हा, मॉस्कोला जा, असे आवाज सत्ताधारी बाकांवरून उठत. घरी निनावी फोन येत. त्यासाठी त्यांनी फोनशेजारी एक शिट्टी ठेवली होती आणि शिवीगाळ सुरू झाली की ती त्या रिसीव्हरमध्ये जोरात फुंकत.

मतदानातला त्यांचा एकटेपणा १९६३ मध्ये सर्वांत ठसठशीत दिसला. न्यायमंत्री जॉन फोर्स्टर यांनी आणलेल्या दुरुस्ती विधेयकाने पोलिसांना कोणालाही वॉरंटशिवाय, आरोपाशिवाय, वकिलाची भेट न देता ९० दिवस ठेवण्याचा अधिकार मिळत होता. मुदत संपली की सोडायचे आणि लगेच पुन्हा धरायचे, अशी वाटही मोकळी होती. पत्रकार रूथ फर्स्ट यांना अशाच रीतीने ११७ दिवस ठेवले गेले. याच विधेयकातल्या एका कलमाचा रोख पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेस या मुक्तिसंघटनेचे नेते रॉबर्ट सोबुक्वे यांच्यावर होता. त्यांची तीन वर्षांची शिक्षा संपत आली होती. ती संपल्यावरही त्यांना रॉबेन बेटावरच्या तुरुंगात ठेवण्याची ती तजवीज होती. युनायटेड पार्टीने कुरकुरत का होईना, दुसऱ्या वाचनात बाजूने मत दिले. विरोधात एकट्या सुझमन. १९६७ च्या दहशतवाद कायद्याने मुदतीची मर्यादाही काढून टाकली आणि स्थानबद्धता बेमुदत केली. तेव्हाही विरोधी मत त्यांचे एकटीचेच पडले. बहुवर्णीय राजकीय पक्षांवर बंदी घालणाऱ्या १९६८ च्या कायद्यालाही त्यांनी विरोध केला, पण तो मंजूर झाल्यावर त्यांच्या पक्षाने केवळ गोऱ्यांचा पक्ष म्हणून चालू राहणे पत्करले. लिबरल पार्टीने त्यापेक्षा विसर्जन पसंत केले. ही तडजोड अनेकांना खटकली, आणि ती खटकावी अशीच होती.

६ सप्टेंबर १९६६ रोजी पंतप्रधान हेंड्रिक फेरवूर्ट यांचा सभागृहातच, त्यांच्या बाकावर, संसदेचा एक निरोप्या दिमित्री त्साफेंदास याने भोसकून खून केला. गोंधळात संरक्षणमंत्री पी. डब्ल्यू. बोथा सुझमन यांच्यासमोरून जाताना थबकले आणि बोट नाचवत ओरडले, की हे तुम्हीच केलेत, तुम्हा लिबरल लोकांनीच. सुझमन यांनी प्रकरण सोडले नाही, सभापतींकडे दाद मागितली. बोथांना माफी मागावी लागली. ती मनापासून नव्हती, असे सुझमन यांचे मत होते. हेच बोथा पुढे पंतप्रधान आणि नंतर राष्ट्राध्यक्ष झाले, आणि दोघांचे वैर शेवटपर्यंत टिकले.

खासदार म्हणून तुरुंग पाहण्याची परवानगी मागता येते, ही सवलत त्यांनी पुरेपूर वापरली. १९६७ मध्ये त्या रॉबेन बेटावर गेल्या. पहिल्याच कोठडीतल्या कैद्याने त्यांना सांगितले, की आमच्यापाशी वेळ दवडू नका, ओळीच्या टोकाला मंडेला आहेत, त्यांच्याशी बोला. नेल्सन मंडेलांनी तुरुंगाधिकाऱ्यांच्या देखतच कपडे, अन्न, अभ्यास आणि पहारेकऱ्यांची वागणूक यांविषयीच्या तक्रारी सांगितल्या. त्यांतली एक, हातावर स्वस्तिकाचे नाझी चिन्ह गोंदवलेल्या पहारेकऱ्याविषयी होती. सभागृहात हा विषय निघाला तर काय होईल, हे सरकारला सांगायची गरज नव्हती. थोड्याच काळात तो माणूस बेटावरून हलवला गेला. अशा भेटी पुढेही होत राहिल्या. कैद्यांच्या कोठड्यांत डोकावणारी ही पहिली आणि एकमेव स्त्री, अशी आठवण मंडेलांनी आत्मचरित्रात नोंदवली आहे.

१९७४ च्या निवडणुकीत पक्षाला सहा जागा मिळाल्या आणि कॉलिन एग्लिन, फ्रेडरिक फान झेल स्लॅबर्ट असे सहकारी शेजारी येऊन बसले. आता विषय वाटून घेता येऊ लागले. पासचे कायदे १९८६ मध्ये रद्द झाले, तेव्हा त्याविरुद्ध तीन दशके बोलणारी ही सदस्या सभागृहातच होती. त्यांच्या शेवटच्या मोठ्या कामांपैकी एक, कृष्णवर्णीय मजुराचा मारून मारून जीव घेणाऱ्या गोऱ्यांना नाममात्र शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशाविरुद्ध १९८९ मध्ये मांडलेला ठराव. तो फेटाळला जाणार हे उघड होते.

टीका दोन्ही बाजूंनी झाली. त्या बसल्यामुळे गोऱ्यांच्या संसदेला मोकळेपणाचा मुलामा मिळतो, असे मुक्तिलढ्यातल्या अनेकांचे म्हणणे होते. प्रोग्रेसिव्ह पार्टीने सुरुवातीला शिक्षण वा मालमत्तेच्या अटीवरच मताधिकार मागितला होता. सार्वत्रिक मताधिकाराची भूमिका तिच्या वारसदार पक्षाने १९७८ मध्ये घेतली. १९८० च्या दशकात सुझमन यांनी आर्थिक निर्बंधांना विरोध केला, कारण कारखाने बंद पडले तर आधी कृष्णवर्णीय मजुराच्या पोटावर पाय येईल असे त्यांना वाटे. यावरून परदेशातले त्यांचे जुने चाहतेही दुरावले. त्यांनी कायदे थांबवले नाहीत, ही गोष्टही खरीच. कोठडीतल्या माणसाचा हिशेब सरकारला तोंडाने द्यायला लावणे, ही त्यांची कमाई.

निवृत्तीनंतर, १० डिसेंबर १९९६ रोजी शार्पव्हिल येथे मंडेलांनी नव्या राज्यघटनेवर सही केली, तेव्हा सुझमन तिथे हजर होत्या. १९९३ मध्ये स्थापन झालेले हेलन सुझमन फाउंडेशन आजही संविधानाशी संबंधित खटल्यांत न्यायालयात उभे राहते. त्यांची कागदपत्रे विटवाटर्सरँड विद्यापीठाच्या संग्रहात आहेत.