मिचेल, कीथ

मिचेल, कीथ क्लॉडियस : (जन्म १२ नोव्हेंबर १९४६). कॅरिबियन समुद्रातील ग्रेनेडा या देशाचे माजी पंतप्रधान, गणिताचे प्राध्यापक आणि संख्याशास्त्रीय सल्ला देणाऱ्या व्यवसायाचे चालक. १९९५ ते २००८ आणि २०१३ ते २०२२ अशी एकूण सुमारे २२ वर्षे त्यांनी देशाचा कारभार पाहिला. ग्रेनेडात इतका काळ कोणीही पंतप्रधान राहिलेले नाही.

ग्रेनेडाचे क्षेत्रफळ जेमतेम ३४४ चौ. किमी. म्हणजे बृहन्मुंबईहूनही लहान. वस्ती साधारण सव्वा लाखाच्या आत. एवढ्याशा देशात मतदार उमेदवाराला नावाने ओळखतो, त्याच्या आईवडिलांनाही ओळखतो. मिचेल यांचे राजकारण समजून घ्यायचे तर ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते.

राजधानी सेंट जॉर्जेसजवळच्या ब्रिझान या खेड्यात त्यांचा जन्म झाला. प्रेझेंटेशन कॉलेज या शाळेत ते शिकले आणि पुढे तिथेच शिक्षक झाले. वेस्ट इंडिज विद्यापीठातून गणित व रसायनशास्त्रात पदवी घेऊन ते अमेरिकेत गेले. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण आणि १९७९ मध्ये अमेरिकन युनिव्हर्सिटीची गणित व संख्याशास्त्रातील डॉक्टरेट असा हा प्रवास. हॉवर्डमध्ये त्यांनी काही वर्षे गणित शिकवले. नंतर सरकारी खाती व कंपन्यांना संख्याशास्त्राचा सल्ला देणारा स्वतःचा व्यवसाय काढला. तरुणपणी ते ग्रेनेडाच्या क्रिकेट संघाचे कर्णधारही होते.

ते अमेरिकेत असताना मायदेश उलथापालथीतून जात होता. १९७९ मध्ये क्रांती झाली. ऑक्टोबर १९८३ मध्ये पंतप्रधान मॉरिस बिशप यांची हत्या झाली आणि पाठोपाठ अमेरिकी फौजा बेटावर उतरल्या. मिचेल परतले आणि १९८४ च्या निवडणुकीत हर्बर्ट ब्लेझ यांच्या न्यू नॅशनल पार्टीतर्फे सेंट जॉर्ज वायव्य मतदारसंघातून निवडून आले. मंत्रिपद मिळाले, पक्षाचे सरचिटणीसपदही. १९८९ च्या सुरुवातीला त्यांनी खुद्द ब्लेझ यांनाच पक्षाच्या नेतृत्वाच्या लढतीत हरवले. त्याच वर्षी पंतप्रधानपदी असलेल्या ब्लेझ यांनी त्यांना मंत्रिमंडळातून काढले. पक्ष फुटला आणि १९९० मध्ये मिचेल यांच्या हाती दोनच जागा उरल्या.

तिथून पुढची कहाणी आकड्यांची आहे. ग्रेनेडाच्या प्रतिनिधिगृहात एकंदर १५ जागा. १९९५ मध्ये त्यांच्या पक्षाने ८ जिंकल्या व ते पंतप्रधान झाले. १९९८ च्या अखेरीस परराष्ट्रमंत्री राफेल फ्लेचर बाहेर पडले आणि बहुमत गेले. जानेवारी १९९९ मध्ये पुन्हा मतदान झाले, तेव्हा पंधराच्या पंधरा जागा मिचेल यांच्याकडे आल्या. २००३ मध्ये पुन्हा ८. त्यातली कॅरियाकू या देशातल्याच छोट्या बेटाची जागा तर बोटांवर मोजण्याइतक्या मतांनी राखली. २००८ मध्ये ४ आणि पराभव. मग २०१३ आणि २०१८, दोन्ही वेळा १५ पैकी १५.

हा चमत्कार नव्हे. ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, ही ब्रिटिशांकडून आलेली पद्धत आणि मतदारसंघ मोजके. त्यामुळे साधारण साठ टक्के मते सगळीकडे सारखी पसरली की उरलेल्या चाळीस टक्क्यांना एकही जागा मिळत नाही. गणिताच्या प्राध्यापकाला याचे नवल वाटले नसेल. पण लोकशाहीच्या दृष्टीने ही गंभीर उणीव आहे. दोनदा विरोधकांची ही पोकळी सत्ताधारी पक्षातूनच भरली गेली : २००० मध्ये मायकेल बॅप्टिस्ट आणि २०१८ मध्ये टोबायस क्लेमेंट हे पक्ष सोडून विरोधी पक्षनेते झाले.

मिचेल यांची खरी कसोटी ७ सप्टेंबर २००४ रोजी लागली. त्या दिवशी आयव्हन चक्रीवादळ बेटावर आदळले. ३९ माणसे गेली, दहापैकी नऊ घरांची पडझड झाली. पंतप्रधानांचे निवासस्थानही उद्ध्वस्त झाले आणि मिचेल यांनी मदतीला आलेल्या ‘रिचमंड’ या ब्रिटिश युद्धनौकेवरून कारभार पाहिला. सर्वांत खोल जखम जायफळीच्या बागांना झाली. जायफळ हे ग्रेनेडाच्या राष्ट्रध्वजावरचे फळ आहे आणि उत्पादनात त्या वेळी हे बेट इंडोनेशियाच्या खालोखाल होते. जायफळीचे झाड लावल्यावर फळ धरायला सहा-सात वर्षे तरी लागतात. बापाने लावावे आणि पोराने वेचावे असे हे पीक एका दुपारी भुईसपाट झाले. दहा महिन्यांत एमिली हे दुसरे वादळ आले.

पुनर्बांधणीच्या काळातच, जानेवारी २००५ मध्ये, मिचेल सरकारने तैवानशी असलेले राजनैतिक संबंध तोडून चीनशी जोडले. २००७ च्या क्रिकेट विश्वचषकासाठी सेंट जॉर्जेसचे मैदान चीनच्या मदतीने उभे राहिले. उद्‌घाटनाला चिनी राजदूत समोर बसलेले असताना पोलिस बँडने तैवानचे राष्ट्रगीत वाजवले, तेव्हा मिचेल यांना चौकशी जाहीर करावी लागली.

दुसऱ्या कारकिर्दीत कर्ज हा मुख्य प्रश्न होता. २०१३ मध्ये देशाचे कर्ज वार्षिक उत्पन्नापेक्षा जास्त झाले होते. सरकारने कर्ज देणाऱ्यांशी नव्याने करार केले, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीसोबत कार्यक्रम राबवला आणि २०१५ मध्ये वित्तीय शिस्तीचा कायदा आणला. कर्जाचे प्रमाण खरोखर खाली आले. हे त्यांचे सर्वांत भरीव काम मानावे लागेल. गुंतवणुकीच्या बदल्यात नागरिकत्व देण्याची योजनाही त्यांनी पुन्हा सुरू केली, तीवर मात्र टीका होत राहिली. राज्यघटनेतील बदल जनतेने दोनदा, २०१६ आणि २०१८ मध्ये, सार्वमताने फेटाळले. दुसऱ्या वेळी तर सगळ्या १५ जागा जिंकून आठ महिनेही उलटले नव्हते.

क्रिकेट त्यांच्यापासून सुटले नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये वेस्ट इंडिजचा संघ मानधनाच्या वादातून धरमशालाचा सामना खेळून भारत दौरा अर्धवट सोडून परतला. त्यानंतर कॅरिबियन देशांच्या संघटनेने, म्हणजे कॅरिकॉमने, वेस्ट इंडिजच्या क्रिकेट मंडळाच्या कारभाराची चौकशी करवली. मिचेल हे कॅरिकॉमच्या क्रिकेटविषयक समितीचे प्रमुख होते. मंडळ बरखास्त करावे ही शिफारस त्यांनी उचलून धरली. मंडळाने ती मानली नाही.

२३ जून २०२२ च्या मुदतपूर्व निवडणुकीत डिकन मिचेल या नवख्या वकिलाच्या पक्षाने ९ विरुद्ध ६ असा विजय मिळवला. दोघांचे आडनाव एक असले तरी नाते नाही. कीथ मिचेल यांनी १९८४ पासूनची आपली जागा त्या पराभवातही राखली आणि ते विरोधी पक्षनेते म्हणून सभागृहात बसले.