‘सारखा’ दिसला की उपमा?

अलंकार ओळखायची अनेक वर्षे फिरणारी एक युक्ती: कवितेत ‘सारखा, सम, परी’ आले की उपमा, ‘जणू, वाटे, की’ आले की उत्प्रेक्षा, अर्थ वाचायची गरज नाही.

युक्ती बऱ्याचदा जुळते, म्हणूनच ती टिकली. पण शब्द फसवतात. ‘पाऊस सारखा पडतो’ यात सारखा म्हणजे सतत. जुन्या कवितेतला ‘परी’ अनेकदा ‘पण’ असतो. ‘दादा बाबांसारखा उंच आहे’ ही तर नुसती माहिती झाली, त्यात कल्पनेची चमक नाही.

उलट ‘कमलनयन’मध्ये असा एकही शब्द नाही, तरी ती उपमाच, साम्य दाखवणारा शब्द (वाचक शब्द) गाळलेली.

म्हणून आधी उपमेय (ज्याचे वर्णन चालले आहे ते) आणि उपमान (ज्याच्याशी तुलना ते) शोधा. मग कवीचा दावा पाहा. ‘शेत शालूसारखे हिरवे’: साम्य, म्हणजे उपमा. ‘शेत जणू शालूच’: तेच असल्याची कल्पना, उत्प्रेक्षा. ‘हे शेत नव्हे, शालू आहे’: उपमेय नाकारले, अपन्हुती. ‘शेताचा शालू सळसळला’: दोन्ही एकच मानले, रूपक.

‘मुखकमल’ मात्र अवघड. तिथे क्रियापद पाहावे. ‘मुखकमल उमलले’ असेल तर उमलणे कमळाचे, म्हणून रूपक. ‘मुखकमल हसले’ असेल तर हसणे मुखाचे. काव्यशास्त्रकार तिथे उपमेकडे झुकतात. शालेय पुस्तकांत दोन्ही सहसा रूपकातच जातात.